इस्त्रीच्या तिसऱ्या रांगेतली हवा

आमच्या घरात डोकं एकालाच मिळालं असं लोक म्हणतात आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवतात. दाखवू देत. तिला पाना धरायला शिकवलं कुणी? मी. शिक्षण माझं सातवी. पत्र्याचे डक्ट बनवतो, म्हणजे हवा वाहून नेणारे चौकोनी नळ, आणि इथले निम्मे कारखाने माझ्याच पत्र्यातून श्वास घेतात हे कुणालाही ठणकावून सांगतो.

बहिणीला घरी काडी म्हणतात. अंगानं काडी, पण डोकं थंड. एका मोठ्या लाँड्रीत ती डँपर सांभाळते. डँपर म्हणजे डक्टच्या पोटातली पत्र्याची पाती. बाहेरचं हँडल डक्टला सरळ असलं की हवा चालू, आडवं असलं की बंद. तिथे तिला तीन महिने बघून मग कायम करणार होते. शेवटचा आठवडा उरला होता आणि इस्त्रीच्या तिसऱ्या रांगेत महिनाभर हवाच येत नव्हती.

तिथल्या इस्त्रीवाल्या मावशी तिला म्हणाल्या, "पोरी, वारा पुढच्या रांगेला, वाफ आम्हाला. आम्ही काय घोडं मारलंय?"

साहेबांनी सरळ सांगितलं, "शनिवारपर्यंत शोध. नाहीतर बाहेरचा माणूस आणतो. मग तुझं काय काम?"

काडीनं पंखा बघितला, पट्टा बघितला, जाळ्या धुतल्या. हवा येते त्या तोंडांना कागदाच्या पट्ट्या बांधल्या. बाकी रांगांत पट्ट्या फडफडत होत्या, तिसरीत नुसत्या लोंबत होत्या. हँडल मात्र सगळी सरळ. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"दादा, महिन्यापूर्वी इथल्या डक्टला फेल्टचं जाड कापड गुंडाळायला तूच आला होतास ना?"

"मग? एक सुरकुती दाखव."

"सुरकुती नाही. जरा ये."

गेलो. शिडीवर चढलो. तिनं हँडलच्या मधोमध नखानं खरवडलं. खाली वाळलेलं काळं सोल्युशन होतं, फेल्ट चिकटवायचं. ते निघालं तशी पाती फिरवणाऱ्या दांडीच्या टोकावरची खाच दिसली. पाती जिकडे, खाच तिकडे, ही आमच्या धंद्यातली खूण. हँडल सरळ होतं आणि खाच आडवी.

फेल्ट लावायला हँडल काढावं लागतं. दांडी चौकोनी, त्यामुळे ते चारही बाजूंनी बसतं. कसं बसवायचं ते बसवणाऱ्यानं बघायचं. बसवणारा मी होतो.

काडीनं दोन्ही हातांनी स्क्रू सोडवला. हँडल काढलं, पान्यानं दांडी फिरवली, हँडल पुन्हा नीट बसवलं.

"आली गं," खालून मावशी म्हणाल्या.

मग तिनं दुरुस्तीचं रजिस्टर काढलं. मी हळूच म्हटलं, "लिही, हादऱ्यानं सैल झालं होतं."

"स्क्रू सोडवायला मला दोन्ही हात लागले, दादा. सैल कसं लिहू?"

"अगं, पण माझं नाव आहे बाजारात."

"इथे अजून एकवीस हँडलं आहेत, बहुतेक तूच काढून बसवलेली. हे लिहिलं नाही तर ती कोण बघणार?"

  तिनं लिहिलं: 'फेल्टच्या कामात हँडल चुकीचं बसलं. काम माझ्या मोठ्या भावाचं. महिनाभर मीही नुसतं हँडल बघितलं, खाच बघितली नाही.'

साहेबांनी वाचलं. "भावाचं लिहिलंस ते लिहिलंस, स्वतःचंही?"

"नाही लिहिलं तर पुढचा माणूसही हँडलच बघेल, साहेब."

 साहेब म्हणाले, "उरलेली एकवीस दोघं मिळून बघा."

बघितली. आणखी दोन चुकलेली निघाली. त्यातलं एक माझं. दुसरं भट्टीमागचं, तिकडे मी फेल्टच लावलं नव्हतं, आणि तसं मी काडीला स्वच्छ अक्षरात लिहायला लावलं. प्रत्येक खाचेवर तिनं लाल रंग भरला. शनिवारी साहेबांनी तिच्या हातात कायम नोकरीचा कागद दिला.

हल्ली मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगतो. मोठ्या भावाची चूक त्याच्यादेखत लिहायला छाती लागते. ती तिला कुणाकडून मिळाली, हे काय मी सांगायला हवं?