आमचे मूळपुरुष

संगणकावर एक ओळ लिहून मी एकदा अख्ख्या तालुक्याचं पाणी शुद्ध केलं होतं. तुरटी नाही, ब्लीचिंग पावडर नाही, नुसती एक ओळ. त्या दिवशी माझ्यासाठी टाळ्यासुद्धा वाजल्या. तेव्हा मी एकावन्न वर्षांची अल्लड पोर होते. शाळेतली गणिताची नोकरी सोडून, लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकले होते, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायला जेवढं थोडं यावं लागतं, तेवढं मला नक्की येत होतं.

ज्यांच्या कामात मी ती ओळ घुसवली, ते आमचे मूळपुरुष. हे नाव आम्ही ऑफिसातल्या बायकांनी ठेवलेलं. सोलापुरात आमचं लहानसं ऑफिस होतं. गावोगावच्या विहिरींच्या पाणीतपासणीचे आकडे आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांचे नकाशे करायचो. गावाच्या ठिपक्यावर टिचकी मारली की शेजारचा आलेख आपोआप बदलायचा. या नकाशात जे जे दिसतं, ठिपका म्हणा, रेघ म्हणा, बटण म्हणा, ते सगळं ज्याच्यापासून जन्म घेतं, तो बेस क्लास, म्हणजे मूळ वर्ग, या गृहस्थांनी लिहिला होता. वंशावळीत सगळ्यात वर एकच नाव असतं ना, तसा. तो स्वतः पडद्यावर कधीच दिसत नाही, पण त्याचे गुण साऱ्या लेकरांत उतरतात. लिहिणाराही तसाच. चार माणसांत बसले तरी तिथे तिघंच आहेत असं वाटायचं.

ते विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, म्हणून मला ‘अक्का’ म्हणायचे. मूळ वर्गाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी एकदा चिडून म्हटलं, “एवढं काय सोवळं आहे त्याचं?” तर शांतपणे म्हणाले, “आडवा धागा चुकला तर एक ओळ खराब होते, अक्का. उभा चुकला तर शेवटपर्यंत चुकतच जातो. माझे वडील मागावर बसण्याआधी उभे धागे दोनदा बघायचे.” मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली की आम्ही कपाळाला हात लावायचो. हे मात्र खुर्ची पुढे ओढून तिच्याशी बोलायचे, आजारी पोराशी बोलावं तसं. “बोल बाबा, काय दुखतंय?” आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. त्यावर त्यांचं एकच म्हणणं, “ओरडणाऱ्या चुकीला भ्यायचं नसतं. तिचं ऐकायचं असतं.”

त्यांच्या मूळ वर्गाची एक खोड होती. एखाद्या गावाचा आकडा आला नसेल तर तो नकाशाच काढू देत नसे. तिथे आपल्या हातानं ‘माहीत नाही’ असं भरावं लागे, मग त्या गावाचा ठिपका राखाडी यायचा. “शून्य हे एक उत्तर आहे,” ते म्हणायचे, “आणि माहीत नाही, हे दुसरं. दोन्ही एका खणात ठेवायची नाहीत.”

मे महिन्यात एक बडे साहेब नकाशा बघायला यायचे होते, अकरा वाजता. मूळपुरुष आईला घेऊन दवाखान्यात गेलेले. पावणेअकराला बघते तर पडदा लालभडक. आठ गावांचे आकडेच आलेले नाहीत. मी फोन लावला.

“‘माहीत नाही’ भरा की, अक्का. आठच तर आहेत.”

“साहेबांसमोर आठ राखाडी ठिपके? नकाशाला खरूज झाल्यासारखं दिसेल हो!”

“खरूज आहे तर दिसू दे.”

मी फोन ठेवला आणि थेट मूळ वर्गात शिरले. तिथे लिहिलं, आकडा नसेल तर शून्य धर. शून्य जंतू म्हणजे हिरवा ठिपका. नकाशा कसा श्रावणासारखा फुलला. साहेब खूश, मालक खूश, मी तर काय, चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली. उद्या ओळ काढून टाकू म्हटलं. उद्या विसरले. परवा आठवली, तर वाटलं, चाललंय की छान.

ती आठ गावं नंतर सुखरूप निघाली. पण मूळ वर्गात केलेला बदल आठांपुरता राहत नाही. महिनाभरानं माढ्याकडच्या एका गावाचे नमुने यायचे थांबले. बाटल्या आणणारी गाडी बंद पडली होती, एवढंच कारण. पूर्वी असतं तर नकाशा पहिल्याच आठवड्याला ओरडला असता. आता तो गप्प होता, आणि ते गाव तीन आठवडे हिरवंगार. पावडर टाकणारी माणसं नकाशा बघून जायची, ती लाल गावांना गेली. त्या गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरली. तिसरीतली एक मुलगी वारली.

मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. “बेस कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“माझा,” मूळपुरुष म्हणाले.

मी शेजारी उभी होते. पदर सारखा केला. दुसरं काहीही केलं नाही. कुठली ओळ कुणी बदलली याची नोंद संगणक ठेवतो, तिथे माझं नाव होतं. मालकांना ते बघता येत नव्हतं. मूळपुरुषांनी सकाळीच पाहिलं होतं.

त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. जिन्यात मी त्यांना गाठलं. तेच म्हणाले, “कुणीही आत शिरून बदलू शकत होतं, अक्का. कुलूप मी घालायला हवं होतं.” ते माझी समजूत काढत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्या बरं वाटण्याची वाटते. मी त्या ऑफिसात आणखी पाच वर्षं काढली. निरोप घेताना मला शालही मिळाली.

मूळपुरुष गेल्या हिवाळ्यात गेले. हृदय बंद पडलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं कोपऱ्यातली एक पिशवी दाखवली. आत पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या होत्या. “म्हैन्याच्या पयल्या रविवारी जायचे की ते, माढ्याकडं त्या गावाला. धा वर्षं झाली. एक रविवार चुकवला नाय. आता हे कुणाला देऊ, अक्का?”

मी पिशवी घेतली. पुढच्या पहिल्या रविवारी एसटीनं त्या गावाला गेले. गुडघे कुरकुरत होते, त्यांना कुरकुरू दिलं. विहिरीजवळच्या घरात माझ्याच वयाची एक बाई ज्वारी निवडत बसली होती. पिशवी बघून तिनं ओळखलं. “सर न्हाय आलं?” मी ते गेल्याचं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

“लई चांगला मानूस,” ती म्हणाली. “पयल्यांदा आले तवा उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन म्हनले, चूक माझी हाय. माझ्या ल्येकानं लई शिव्या घातल्या. गप ऐकून घेतल्या. म्होरल्या म्हैन्याला पुना आले. गेली ती माझी नात हुती.”

मग मी सांगितलं. ओळ, साहेब, शून्य, सगळं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, म्हणून शेवटी सरळ म्हटलं, “चूक त्यांची नव्हती, बाई. माझी होती.”

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “व्हय? मंग धा वर्सं तुमी कुटं हुता?”