साहेबांनी लिहिलं, 'ऐकू येते'

दाखल्याच्या कागदावर डॉक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, 'ऐकू येते'. तो कागद मी दोनदा वाचला आणि माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षांची पोर, जन्मापासून ठार बहिरी, आणि म्हणे ऐकू येते!

आमची मूकबधिर शाळा वाशीम जिल्हा व्हायच्या आधीपासूनची. माझी निम्मी हयात तिथं शिकवण्यात गेली. दिव्यांग दाखला नवा झाला नाही, तर या पोरीचं वसतिगृहातलं नाव कटणार होतं. घरी गेली तर तिच्याशी बोलणार कोण? खुणा एकालाही येत नाहीत. वडील मंगरूळपीरला गाद्या भरतात. कामावर खाडा करून दाखल्यांच्या शिबिराला आले होते, बाकावर बसून तो कागद उलटासुलटा करत होते.

"बाई, मंग हिले घरी नेऊ का?"

"कायले नेता? बसा इथंच," म्हटलं, कागद घेतला, पोरीचा हात धरला आणि दार ढकलून आत शिरले.

मघाशी मला याच खोलीतून बाहेर काढलं होतं. का, तर म्हणे तुम्ही खुणा करून उत्तरं सांगाल. अरे वा रे वा!

"साहेब, कान तपासायचं मशीन लावलं होतं का?"

"मशीन बंद आहे. तोंडी विचारलं. ऐकू येतं का, समजतं का. दरवेळी तिनं हो म्हणून मान हलवली."

"बहिऱ्या लेकराला तोंडी विचारता? काही वाटतं का तुम्हाला?"

रांगेतले लोक डोकावून बघत होते. बघू देत. पोरीच्या पाठीमागे जाऊन मी टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलला आणि त्यावर फूटपट्टी हाणली. साहेब दचकले, शिपाई दचकला. पोरगी आपली खिडकीबाहेरचा चहावाला बघत उभी.

साहेबांनी मुकाट्यानं ती ओळ खोडली. मशीन दुरुस्त झालं की पुन्हा तपासू, तोवर नाव राहू द्या, असं लिहून दिलं. वडिलांच्या जिवात जीव आला.

मी मात्र बाहेर येऊनही धुमसतच होते. पोरीला समोर उभं करून खुणेनं विचारलं, काही कळत नव्हतं तर मान कशाला हलवलीस?

तिनं जरा आश्चर्यानंच माझ्याकडे पाहिलं. मग हातांनी सांगितलं, तुम्हीच शिकवलं. शाळेत पाहुणे आले, बोलायला लागले, की हसायचं आणि मान हलवायची. नाही हलवली तर तुम्ही रागावता.