प्यादं बाजूला जात नाही

आमच्या घरात माझ्या सासऱ्यांना चहा अर्धा कप मिळतो. दोनदा मिळतो, पण अर्धाच. त्यांचे जुने सोबती, बस खात्यात जन्मभर तिकिटं तपासलेले, त्यांना आम्ही अजून तपासनीस काकाच म्हणतो. ते आले की कपाकडे बघून हमखास विचारणार, साखर महाग झाली की सासरा स्वस्त झाला? मी हसते. बाबाही हसतात आणि उजवा हात हळूच वर्तमानपत्राखाली सरकवतात.

त्या हाताला कंप आहे. काही धरायला गेलं की जास्तच. याच हाताने त्यांनी आयुष्यभर बस चालवली. कंप सुरू झाला तेव्हा निवृत्तीला अवकाश होता. कुणाच्या लक्षात येण्याआधी ते स्वतः साहेबांकडे गेले, किल्ली टेबलावर ठेवली आणि नजर साथ देत नाही असं सांगून डेपोतलं बैठं काम मागून घेतलं. नजर म्हणाल तर डाळीतला खडा मला दिसायच्या आधी त्यांना दिसतो. पण हाताचं कुणाला सांगायचं नाही, ही त्यांची आम्हा घरच्यांना ताकीद.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात डेपोत बुद्धिबळ चालायचं. आता ते टॅबवर चालतं. निवृत्त डेपोवाल्यांनी एका साइटवर संघ केला आहे, कर्णधार अर्थातच तपासनीस काका, आणि बाबांचं तिथलं नाव अजून ड्रायव्हरच. दुपारी घर शांत झालं की बाबा खिडकीपाशी टॅब घेऊन बसतात आणि शेजारी मी जपमाळ घेऊन. तोंडात देवाचं नाव आणि नजर पटावर, असा माझा जप. देव समजून घेतो, असं मी धरून चालते. बघूनबघून मला सोंगट्यांच्या चाली कळायला लागल्या.

पूर्वी बाबा धडाधड खेळायचे. दिसला राजा की घाल हल्ला. मग एक दिवस जिंकत आलेल्या डावात त्यांचं बोट घसरलं आणि वजीर एक घर अलीकडेच उतरला, समोरच्याच्या हत्तीच्या तोंडी. पडद्यावर एकदा उतरलेली चाल मागे येत नाही. "चाल पक्की करा" अशी एक सोय असते म्हणे, पण ती लावली की वेळ जातो, आणि त्या बटणावर टेकवायचं बोट तरी कुठून स्थिर आणणार? बाबा टॅब पालथा ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, संपलं हे. किल्ली ठेवली तसं हेही ठेवून देतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा बसले. पण खेळ निराळा झाला होता. समोर ढळढळीत घाव दिसत असताना ते भलतीच, साधीच चाल करायचे. बरेच डाव हरले. मग हळूहळू जिंकायला लागले, लांबच्या लांब डाव खेळून. एकदा मला राहवलं नाही. जप थांबवून म्हटलं, "बाबा, वजीर तिकडे कोपऱ्यात नेला असता तर दोन चालींत मात होती की."

"होती. पण त्याच्या शेजारचं घर बघ."

शेजारच्या घरावर समोरच्याचा उंट रोखलेला होता.

"अरुंद गल्लीतून बस काढताना बस मावेल एवढी वाट बघायची नसते, बाळ. हात चुकला तरी ओरखडा येणार नाही एवढी बघायची. मी आता तसाच खेळतो. जिथे जायचं ते घर चांगलं हवं आणि त्याच्या आजूबाजूची घरंही बरी हवीत."

मी माळ हातात धरून नुसती बघत राहिले. बाकीचे लोक एका चालीचा विचार करतात. हा माणूस प्रत्येक वेळी ती चाल, शिवाय आपलं बोट जिथे जिथे घसरू शकेल त्या सगळ्या चाली, यांचा विचार करत होता. तोही घड्याळ चालू असताना, चेहऱ्यावरची रेष न हलवता. देवाने हातातलं काढून घेतलं ते डोक्यात कुठून आणि किती ओतलं असेल, मला काही अंदाज लागेना.

पण यातलं साइटला काय कळणार? डाव संपला की ती शाळेसारखं प्रगतिपुस्तक देते. बाबांच्या पुस्तकात दर वेळी तेच. बलस्थानं : संयम, डावाचा शेवट. सुधारणेला वाव : जिंकून देणाऱ्या चाली वारंवार सोडतो, वजिराच्या बदल्यात वजीर देऊन मोकळा होतो, हल्ला करत नाही. सगळ्या खेळाडूंची ही पुस्तकं काढून वाचणं हा तपासनीस काकांचा आवडता उद्योग. खात्यातून निवृत्त झाले तरी तपासणी काही सुटली नाही.

आणि नेमका संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. काकांचा फोन आला. बाबांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काहीतरी बिनसलंय. काकांचं म्हणणं, अंतिम सामन्यात असा भित्रा खेळ परवडणार नाही, बाबांच्या जागी दुसऱ्याला घ्यावं. पण जुनी दोस्ती म्हणून ते स्वतः घरी येऊन बाबांचा एक डाव शेजारी बसून बघणार आणि मगच ठरवणार.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, सरळ हाताचं सांगून टाका, काका काय परके आहेत का? बाबांनी मान हलवली.

"बस मी आपणहून सोडली, कारण माझ्या पाठीमागे माणसं बसलेली असायची. इथे पाठीमागे कोण आहे? सांगितलं तर ते कीव करून खेळवतील नाहीतर कीव करून बसवतील. मला दोन्ही नको."

काका आले ते चष्मा पुसतच. खुर्ची अगदी बाबांच्या खांद्याला लावून बसले. आता वर्तमानपत्राचा काही उपयोग नव्हता, खेळायचा हात झाकणार कसा? मी समोर बसले आणि माळ काढली. आज मात्र नजर पटावर नाही तर काकांच्या तोंडावर.

डाव सुरू झाला. समोरचा कुठला कोण, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे, पण खेळायला तिखट. सुरुवातीला बाबांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवून निभावलं. मग मधल्या डावात संधी आली. वजीर एका घरावर नेला की समोरच्याचा राजा अडकणार. माझ्यासारखीला दिसलं, मग काकांना दिसणारच. चालू डावात खेळाडूला सांगायचं नसतं, म्हणून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला होता. बाबांनी ते घर बघितलं, त्याच्या शेजारची घरं बघितली आणि वजिराने वजीर मारला. समोरच्याने परत मारला. दोन्ही वजीर पटाबाहेर. काकांनी असा सुस्कारा सोडला की जणू त्यांच्या डोळ्यांदेखत बिनतिकिटाचा उतरून गेला.

मग हत्ती गेले, उंट गेले, घोडे गेले. पटावर दोन राजे आणि थोडी प्यादी उरली. घड्याळ भराभर उतरू लागलं तसा हाताचा कंप वाढला. बाबांनी प्याद्यावर बोट टेकवलं, पुढच्या घराकडे नेलं, बोट शेजारच्या घरावर पडलं. काहीच झालं नाही. प्यादं जागच्या जागी. पुन्हा नेलं, पुन्हा बाजूला पडलं. प्यादं हललं नाही. तिसऱ्यांदा नीट पडलं आणि ते एक घर पुढे सरकलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्यादं बाजूला जातच नाही. बोट कितीही घसरू दे, चुकीची चाल ते घेतच नाही, मुकाट्याने वाट बघतं. म्हणून बाबा प्रत्येक डाव इथवर ओढत आणत होते, सगळे मोठे सरदार घालवून. जिथे त्यांचा हात त्यांचं नुकसान करू शकणार नाही, अशा जागी. 

काकांची नजर आता पटावर नव्हती. ती बाबांच्या हातावर खिळली होती.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं. तिथे पोचलं की त्याचं काय करायचं ते विचारणारी छोटी चित्रं उघडतात, पहिला वजीर आणि त्याला चिकटून घोडा. बाबांनी श्वास रोखून बोट टेकवलं.

घोडा झाला.

माझी माळ थांबली. काका खुर्चीतून अर्धे उठले. बाबांचा चेहरा मात्र होता तसाच. पटाच्या दुसऱ्या बाजूला त्यांचं आणखी एक प्यादं मोकळ्या वाटेवर कधीपासून उभं होतं, आमचं कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. बाबांनी ते हाकायला घेतलं. एकदा बाजूला, एकदा पुढे. समोरच्याचा राजा धावला, तर हा चुकून झालेला घोडा त्याच्या वाटेत आडवा. दुसऱ्या प्याद्याचा वजीर झाला, आणि थोड्याच वेळात पडद्यावर आलं की समोरच्याने डाव सोडला. घड्याळात चिमूटभर वेळ उरला होता.

काका पुन्हा खुर्चीत टेकले. मग त्यांनी विचारलं, "ते दुसरं प्यादं तू मुद्दाम राखून ठेवलं होतंस?"

"स्टेपनी घेतल्याशिवाय मी कधी डेपो सोडलाय का?" बाबा म्हणाले.

साइटचं प्रगतिपुस्तक आलं. काकांनी सवयीने ते उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. सुधारणेला वाव : जिंकून देणारी चाल सोडली, वजीर होत असताना घोडा केला. एवढं वाचून ते थांबले, चष्मा काढला आणि टॅब पालथा घातला. "हिला काय कळतंय डोंबल," म्हणाले. मग खिशातून स्वतःचा फोन काढून संघाला निरोप टाकला. तो त्यांनी वाचून दाखवला नाही, पण बाबांच्या टॅबवरही तो वाजलाच. अंतिम सामना, पहिला पट, ड्रायव्हर.

हाताबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. तो वर्तमानपत्राबाहेर, टेबलावर उघडा होता आणि आपल्या मनाने थरथरत होता. बाबांनी तो झाकला नाही.

मी चहा घेऊन आले. बाबांचा अर्धा, काकांचा काठोकाठ. काकांनी दोन्ही कपांकडे पाहिलं आणि आपला कप माझ्याकडे परत सरकवला.

"सूनबाई, यापुढे मलाही अर्धाच देत जा," ते म्हणाले. "दोनदा घेऊ."