गारठ्यातली चूल

आमच्या घरात काडेपेटी असायची, पण पावसाळ्यात ती नावालाच. आमच्या हिर्डोशी गावच्या दमट हवेत काडी ओढली की गूल पिठासारखं गळून पडायचं. दुकान लांब, एसटीचा भरवसा नाही. म्हणून आई रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी फुंकून त्यांना जागं करायची. ज्या घरचा विस्तव विझला, तिथली बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायची आणि विस्तवाबरोबर टोमणाही घेऊन यायची: "काय गं, लवकर डोळा लागला वाटतं?" आमच्याकडं भात संपला, नाचणी संपली, असं पुष्कळदा झालं. विस्तव संपला असं कधी झालं नाही.

त्या चुलीपुढं अभ्यास करून मी पीएचडीपर्यंत पोचले. विषय सांगते, घाबरू नका. खाचरातलं पाणी कसं, आडवं पसरतं, वर चढत नाही. तसे एका पातळ थरात कोंडलेले इलेक्ट्रॉन. त्यांना हेलियमने इतकं गार करायचं, की त्यापुढं आमच्याकडचा पौष म्हणजे भट्टी. वरून जबरदस्त चुंबक. मग थराच्या एका टोकाला केसाएवढ्या हीटरने जराशी ऊब द्यायची. ऊब निघते सरळ, पण चुंबक इलेक्ट्रॉनांना वळवतो, म्हणून विजेचा दाब आडव्या अंगालाही उमटतो. चुंबकाचा जोर वाढवत नेला की तो दाब लाटांसारखा वरखाली व्हायला हवा. लाटा दिसल्या तर प्रबंध, नाहीतर घरी.

माझ्या लाटा येईनात. पडद्यावर रेघ अशी सपाट, जणू नांगर फिरवून वर फळी मारलेली. यंत्रावरची आमची पाळीही संपत आली होती. एका दुपारी माझ्या मार्गदर्शक मॅडम आल्या आणि बटणांकडं वाकून बघायला लागल्या.

"मोजमाप चालू आहे?"

"नाही मॅडम, जेवून येते, मग घेते."

"मग हीटर कशाला चालू?"

"मंद ठेवलाय. परत पेटवायला नको."

त्यांनी चष्मा काढला. "पेटवायला? बटण आहे ते. फुंकणी लागते का त्याला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन मोजमापांच्या मधे मी इमानेइतबारे विस्तव राखत होते. त्या मंद उबेने सगळा थर तळापासून तापत गेला होता, आणि असल्या उबेत त्या नाजूक लाटा पुसून जातात.

आईला फोनवर सांगितलं. ती आधी पोटभर हसली.

"एवढा गारठा इकत घ्यायचा आन् त्यात चूल मांडायची? हितं यायचं हुतंस, गारठा फुकाट हाय."

"आता विझवायचीय गं."

"मग इझव की. इस्तू राखायला म्या शिकवलं, इझवायला त्या बाई शिकवत्यात. दोघींचं ऐक."

हीटर विझवला. थर गार होईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, कारण ते सारखे बटणाकडं जात होते. संध्याकाळी मोजण्यापुरती ऊब दिली आणि चुंबक चढवत नेला. रेघ जराशी हलली, उठली, पडली, परत उठली. मॅडमनी चष्मा लावून लाटा मोजल्या.

"आता जेवलीस तरी चालेल," त्या म्हणाल्या.

त्या लाटांवर माझा प्रबंध उभा राहिला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पीएचडी झालेलीही मीच पहिली.