डाव्या बाजूचा तपास

विसरता येत नाही अशी एकच चौकशी आहे, आणि तिच्यात प्रश्न मला विचारले गेले होते. पोलीस खात्यात मी काही वर्षं फौजदार होते. लग्नानंतर राजीनामा देऊन मस्कतला, बौशरमध्ये राहायला आले.

इथे मला वरचेवर न्यूमोनिया होऊ लागला. कोणी विचारलं की मी "धूळ" म्हणायचे. एकदा खोकताना रुमालावर रक्त आलं, तेही लपवलं. व्हिसाच्या नूतनीकरणाची वैद्यकीय तपासणी जवळ आली होती. एक्स-रेत डाग दिसला तर टीबी समजून परत पाठवतील, ही भीती. नवऱ्याची नोकरी इथे, संसार इथे.

खबर नवऱ्यानेच दिली. धुवायच्या कपड्यांत त्याला तो रुमाल सापडला. त्याने ओळखीच्या डॉक्टरबाईंना फोन केला आणि मला त्यांच्याकडे नेलं. बाई मूळच्या नाशिकच्या, माझ्या आईच्या वयाच्या.

"खोकला कधीपासून?"

"धुळीमुळे होतो."

"कधीपासून विचारलं मी. कशामुळे, ते नाही."

पाठ केलेलं उत्तर देणारे मी ठाण्यात पुष्कळ पाहिले होते; आज मीच तशी होते.

"लहानपणी न्यूमोनिया झालेला?"

"शाळेत असताना. दोनदा."

"दुखायचं कुठे?"

मी डावीकडे, पाठीवर खालच्या बरगड्यांपाशी हात ठेवला.

"आणि आता?"

हात तिथेच राहिला.

"अगं, तू फौजदार ना? एकाच घरात पुन्हा पुन्हा चोरी झाली तर काय करायचीस?"

"आधी घरातल्यांकडे बघायचे."

"मग बघू या की आत! आणि त्या धुळीला जामीन दे आता, बिचारीला."

मला हसू आलं. मग रक्ताचंही सांगून टाकलं.

टीबी नव्हताच. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाचा एक तुकडा दिसला, जन्मापासून वेगळा राहिलेला. श्वासनलिकेशी त्याचा संबंध नव्हता. रक्त मात्र तो थेट महाधमनीतून घेत होता. संसर्ग दर वेळी तिथेच व्हायचा. असं क्वचित आढळतं, बाई म्हणाल्या. शस्त्रक्रियेने तो काढला. व्हिसाही मिळाला.

आरोपी पुराव्याला घाबरून बोलतो, असं नोकरीत मला वाटायचं. आता वाटतं, समोरचा आपल्याला अडकवायला बसलेला नाही हे कळलं, की माणूस आपणहून बोलतो. बाईंनी आवाज चढवला नाही, नवऱ्याने जाब विचारला नाही. त्या दोघांमुळे मी आज इथे आहे, आणि जिना चढताना कोणी "दम लागला का?" विचारलं, तर खरं उत्तर देते.