पंचवीस तारखेची लाल चिंधी

मोठ्या बाबांवर लिहिणारा मी कोण, असे मनात येतेच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेतल्या निबंधापलीकडे कधी काही लिहिलेले नाही. त्यांना विचारले असते तर म्हणाले असते, "तेवढ्या टायमात अभ्यास झाला असता." तरी लिहितो आहे. चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गर्दीत आपले माणूस हरवेल, ही त्यांची जन्मभराची धास्ती. बुऱ्हाणपूरकडच्या शाहपूरजवळच्या आमच्या बागेत काढणीला आलेल्या केळीला ते लाल चिंधी बांधत. सगळीकडे हिरवे, त्यात लाल लांबून दिसते आणि मजूर चुकत नाहीत. बागेत ही युक्ती अगदी बरोबर होती. त्रास एवढाच, की तीच युक्ती ते आम्हालाही लावत.

दर पंचवीस डिसेंबरला आम्ही घरचे नऊ जण इंदूरला जायचो. आम्ही ख्रिस्ती नाही. पण थंडीत केळी फुगत नाही, बागेत काम कमी असते, शाळेला सुट्टी असते, आणि मोठ्या बाबांनी तरुणपणी एकदा तिथला नाताळ पाहिला होता. "देवाचा जन्मदिवस हाये ना? मंग जावं लागते," असे ते म्हणत. कोणी जास्त विचारले तर, "तुला वाढदिवसाला कोनी नाही आलं तर कसं वाटीन?"

पहाटे बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर गाडी लागायच्या तासभर आधी आम्ही कुडकुडत उभे असायचो. तिथे ते खिशातून चिंध्या काढत आणि एकेकाच्या मनगटावर बांधत. लहानांच्याच नाही, माझ्या आईच्या आणि इतवारा पेठेत राहणाऱ्या आत्याच्याही. आई त्यावर बांगड्या ओढून घ्यायची. आत्या मुलींच्या शाळेत शिकवते. "दादा, कोणी विद्यार्थिनी भेटली तर मी काय सांगू?" असे ती दरवर्षी विचारायची. "सांग, भाऊ सोबत हाये," असे ते दरवर्षी सांगायचे. मग डोकी मोजायची. "नऊ भरले. चला."

असीरगढचा किल्ला मागे पडेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा नियम. इंदूरला पोचल्यावर दुसरा नियम: आधी घरची भाकरी. ज्या शहरात लोक लांबून खायला येतात, तिथे मिठाईच्या दुकानासमोरच्या ओट्यावर बसून आम्ही भाकरी, तिळाची चटणी आणि कांदा खायचो. समोर कढईत कचोऱ्या फुगत असायच्या. "भूक राहिली तर पाहू," मोठे बाबा म्हणायचे. त्या भाकऱ्यांनंतर भूक कोणाची राहणार?

पण खरा वैताग चिंधीचा. नाताळच्या दिवशी चर्चच्या मैदानावर कोणता रंग असतो, हे मोठ्या बाबांना सोडून सगळ्या जगाला माहीत होते. टोप्या लाल, फुगे लाल, फ्रॉक लाल. मी आठ वर्षांचा असताना त्या मैदानात हरवलो. मला शिकवून ठेवले होते तसा एका जागी हात वर करून उभा राहिलो. मोठे बाबा मला शोधत आले आणि भलत्याच लाल स्वेटरवाल्या पोराचा हात धरून चालू लागले. त्या पोराच्या आईने त्यांना चार लोकांत झापले. शेवटी मी त्यांना येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्याजवळ सापडलो, तर मलाच रागावले. "चिंधी होती ना हाताला? मंग हरवला कसा?"

"मोठे बाबा, इथं सगळेच लाल आहेत," मी रडत म्हणालो. "पिवळी बांधत जा ना."

"पिवळं पान म्हणजे रोग. पोराच्या हाताला रोग बांधू का?"

 पुढची दहा वर्षे चिंधी लालच राहिली.

इंदूरच्या कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा होस्टेलपर्यंत तेच सोडायला आले. पेटीच्या कडीला चिंधी बांधून गेले. पहिल्याच दिवशी मी ती कापून टाकली.

त्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. "पंचवीसला चर्चच्या फाटकावर थांब. आम्ही आठ येतो, तू नववा."

"मोठे बाबा, त्या दिवशी परीक्षा आहे."

"सुट्टीच्या दिवशी?"

"हो. इथं असते तशी."

 ते म्हणाले, "बरं. शिक."

परीक्षा नव्हती. मी मित्रांबरोबर त्याच मैदानावर गेलो होतो. मित्रांनी लाल टोप्या घेतल्या, मलाही एक देऊ लागले. लाल रंगाचा मला इतका कंटाळा होता, की मी नको म्हणालो. तेवढ्यात समोरून आमची रांग आली. पुढे खांद्यावर भाकऱ्यांची पिशवी घेतलेले मोठे बाबा, मागे आई, आत्या, बहीण, सगळ्यांच्या मनगटावर चिंध्या. माझा एक मित्र म्हणाला, "देख यार, पूरे खानदान को राखी बाँध के लाया है।" सगळे हसले. मीही हसलो. मग मान खाली घालून फुग्यांच्या दुकानाकडे वळलो आणि ते पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिलो.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा मोठ्या बाबांनी एवढेच विचारले, "परीक्षा बरी गेली?" मी हो म्हणालो. खरे काय ते उन्हाळ्यात सांगू, असे ठरवले. उन्हाळ्यात पावसाळ्यावर ढकलले. श्रावणात बागेतच त्यांना झटका आला आणि ते गेले. माझे सांगायचे राहून गेले.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, अंगणात वाती वळत बसली होती. मी शेजारी बसलो. मागच्या नाताळचा विषय तिनेच काढला. "परतीच्या गाडीपाशी त्यांनी डोकी मोजली अन् म्हणाले, नऊ भरले. म्या म्हटलं, अहो, आठच हावो आपण. तर म्हणे, नववा मैदानात दिसला. सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोपी, याचंच डोकं उघडं, म्हणून लांबून वळखला. दोस्तांत होता, बरा होता. मंग गाडीत बसले."

वात वळून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. "तब्येतीनं वाळलेला दिसला, म्हणत होते. मेसचं जेवण बरं नाही का रे?"