मुसफ्फात ऐकलेला एक शब्द

अबुधाबीच्या काचेच्या उंच इमारती मागं पडल्या, टॅक्सीनं पूल ओलांडला आणि मुसफ्फा सुरू झालं. वाढत्या राजधानीची ही मागची बाजू. जिकडं पाहावं तिकडं गॅरेजं, टायरांचे ढीग, पत्र्याची गोदामं. इथं तिला सनाया (कारखान्यांची वस्ती) म्हणतात. कुणी इथं फिरायला येत नाही, मीही आले नव्हते. दादाचा फोन तीन आठवडे बंद होता आणि मिरजेत आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

टॅक्सीवाल्यानं भलत्याच गल्लीत सोडलं. भर दुपारी तासभर हिंडून दादा कामाला होता ते गॅरेज सापडलं. दारातल्या पठाण मिस्त्रीला नाव सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "सुभाषभाई? वो तो खलास, बाजी (ताई). पिछले महीने खलास."

मी तिथल्याच एका टायरावर बसले. आईला फोनवर सांगायचं की समोर बसून, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

शेजारच्या कॅफेटेरियाचे मालक पाणी घेऊन आले. रत्नागिरीचे हुसेनचाचा. मराठी ऐकताच मी विचारलं, "दादा कसा गेला हो?"

"गेला कुठं? रूमवर असेल," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांच्या ध्यानात आलं. "अहो ताई, इथं खलास म्हणजे संपलं. ड्यूटी संपली, खलास. चहा संपला, खलास. कंपनीनं व्हिसा कॅन्सल केला त्याचा. सिमकार्ड कंपनीचं, तेही गेलं. माणूस ठीक आहे."

त्यांनी बळंच पराठा आणि करक (दाट उकळलेला चहा) समोर ठेवला आणि मग स्वतः मागच्या शाबियात (राहत्या वस्तीत) नेऊन सोडलं.

खोलीत सहा पलंग होते. दादा एकावर बसून शर्टाला बटण लावत होता. "तू कशाला आलीस?" म्हणाला. मग मान खाली घालून, "नवीन काम मिळालं की कळवणार होतो. आईला कुठल्या तोंडानं सांगू?"

विमानात बसल्यापासून त्याच्याशी भांडायची तयारी केली होती मी. त्यातलं काही आठवेना. "दादा, मघाशी तू मेला होतास माझ्यासाठी," मी म्हटलं. "नोकरीचं काय घेऊन बसलायस?"

त्यानं माझा हात धरला. लहानपणीसुद्धा कधी धरला नव्हता.

माझ्या फोनवरून तो आईशी बोलला, पण नोकरीचं सांगायचं काम माझ्यावरच टाकलं. व्हिसाची मुदत उरली होती तेवढे दिवस त्याला प्रयत्न करायचे होते. चौथ्या दिवशी मी एकटीच परतले.

आईनं दारातच विचारलं, "कसा आहे गं?"

नोकरीचं आधी सांगून मोकळं व्हायचं, असं वाटेत पक्कं केलं होतं. संध्याकाळपर्यंत सांगितलंही. पण तोंडातून पहिला शब्द निघाला तो, "आहे."

"अगं, पण कसा?"

"आहे, आई."